भट्टीचं बूच

"बाबा, तुम्हाला वास येतो का हो?"

हे मी विचारलं तेव्हा बाबा उकिडवे बसून पत्र्याच्या नळीच्या सांध्यावर चिखल लिंपत होते आणि मी शेजारी बसून तो चिखल मळत होते. प्रश्न माझा नव्हता. बटण आणि लांबडी या माझ्या दोन मैत्रिणींनी तो माझ्या गळ्यात बांधला होता. आदल्या आठवड्यात दोघी आमच्याकडे अभ्यासाला, म्हणजे गप्पांना, आल्या होत्या. आईच्या हातून रॉकेलची बाटली कलंडली. आम्ही तिघी नाकाला ओढण्या लावून मागे सरकलो, आणि बाबा तिथेच बसून स्टोव्ह पेटवायला काडी ओढायला निघाले. आईने झडप घालून काडेपेटी हिसकावली. बाबा म्हणाले, सांडलं तर सांगायचं नाही का. त्यांना सांगावं लागलं होतं, ही गोष्ट लांबडीने बरोबर पकडली. परत जाताना ती म्हणाली की तुझ्या बाबांना वास येत नाही. मी हसले. माझ्या बाबांना तंबाखूच्या पानांच्या वखारीत वीस वर्षं सगळे 'नाक' म्हणूनच ओळखत होते. बटण म्हणाली, मग विचारून दाखव, वक्तृत्वात पहिली आलीस ना?

पहिली आले होते हे खरं. तेव्हापासून माझ्या जिभेला हाड राहिलं नाही असं आई म्हणते. आधी तरी कुठे होतं?

तर मी विचारलं. बाबांनी मान वर केली नाही. "तुला चिखल मळता येतो का नीट? खडे राहिलेत," ते म्हणाले.

मी शाळेत जाऊन सांगितलं की विचारलं, आणि बाबा वैतागले, म्हणजे वास येतो. लांबडी म्हणाली, हे उत्तर झालं का? मी म्हटलं, आमच्या घरी असंच असतं.

भट्टी म्हणजे काय ते सांगते, कारण बटणला वाटत होतं आम्ही तंबाखू कढईत भाजतो. भट्टी ही खरं तर एक खोली असते. आमची आठ फूट लांब, आठ फूट रुंद, परसात एकटी उभी. चुलीचं तोंड बाहेर. आत फक्त एक जाड नळी, जी जमिनीलगत सगळ्या खोलीला वळसा घालते आणि छपरातून धुराडं होऊन बाहेर पडते. आत ऊब जाते, धूर जात नाही. नळीच्या वर तारेची जाळी, सुकलेलं पान गळून तापल्या पत्र्यावर पडू नये म्हणून. जाळीच्या वर आडव्या बांबूंचे तीन थर, बांबूंवर काठ्या, आणि काठ्यांना जोडीजोडीने बांधलेली हिरवी पानं, शेंडे खाली. तळाशी दोन झरोके, छपरात एक झडप. पहिले दोन दिवस सगळं बंद ठेवून पान मंद उबेत पिवळं करायचं. पिवळं झालं की त्याच वेळी झरोके उघडायचे, आच वाढवायची आणि तो रंग पकडून ठेवायचा. लवकर उघडलं तर पान हिरवंच राहतं. उशीर झाला तर घामेजतं, आंबतं, काळं पडतं. सगळी विद्या त्या एका वेळेची.

वखारीतल्या भट्ट्यांना काच असते, आतलं थर्मामीटर आणि पान दिसावं म्हणून. बाबांना काच कधीच लागली नाही. काच म्हणजे नकट्यांची सोय, असं ते म्हणायचे. ते भिंतीत अंगठ्याएवढं भोक पाडायचे, त्याला लाकडाचं बूच. बूच काढायचं, नाक लावायचं, एक श्वास घ्यायचा, बूच परत ठोकायचं. लोक सांगतात की बाबांनी 'आता' म्हटलं की दहा माणसं झरोक्यांकडे धावायची.

गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप आला, नंतर काही महिन्यांनी त्यांनी वखार सोडली. मॅनेजरशी भांडण झालं म्हणाले. मला त्याचा अभिमानच वाटला. आता आपली स्वतःची भट्टी, असं मी वर्गात दोन बाकांना तरी सांगितलं असेल.

बांधायला तीन आठवडे लागले. नळी जुन्या तेलाच्या पिंपांची. बाबांनी पिंपं कापली, मी पत्रा ठोकून गोल केला आणि दोन नखं काळीनिळी करून घेतली. ती मी वर्गात पदकासारखी मिरवली. विटा आईने उचलून दिल्या, एकेक मोजून टोमणा मारत. भोक कुठे पाडायचं हे ठरवताना बाबांनी मला भिंतीकडे तोंड करून सरळ उभं केलं. वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करतात तसंच काहीतरी असेल म्हणून मी हळूच टाचा उचलल्या. टाचा खाली, ते म्हणाले. कोळशाची खूण डोक्यावर न पडता माझ्या तोंडासमोर पडली. मी म्हटलं, हात घसरला. पण भोक तिथेच पडलं, आणि बाबांना दर वेळी कंबरेत वाकावं लागायला लागलं. आई म्हणाली, स्वतःच्याच भट्टीला मुजरा करणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बघतेय.

पान मावशीचं होतं. मावशी आईची थोरली बहीण, नाकावर माशी बसू न देणारी. तिच्या मळ्यात उंच तंबाखू, तिची पहिली खुडणी आमच्या भट्टीत आली ती एका अटीवर. "भाऊजी, ही एक भट्टी उतरवून दाखवा," ती म्हणाली. "पान सोन्यासारखं निघालं तर सगळा मळा तुमचा. नाही निघालं तर मी वखारीची वाट धरते, आणि मग रुसायचं नाही." बाबांनी मान डोलावली. दुसरं काम त्यांना येत नव्हतं आणि नव्या भट्टीला दुसरं कुणी पान देणार नव्हतं. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी काठ्या चढल्या, दार चिखलाने लिंपून बंद झालं, चूल पेटली. तेव्हापासून बाबा दर दोन-तीन तासांनी मला हाक मारायचे. शुक्रवारी तर त्यांनी शाळाच बुडवायला लावली. त्यावर आईने काहीच म्हटलं नाही, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मी बूच काढायची, वास घ्यायची, आणि बाबा विचारायचे, सांग, कसला? मला वाटायचं परीक्षा चाललीय. मी नटूनथटून उत्तरं द्यायची. पहिल्या दिवशी, कापलेल्या गवताचा. रात्रीच्या जेवणाआधी, ओल्या पोत्याचा. शनिवारी सकाळी, पोत्याचा पण त्यात थोडं गोड. "गोड म्हणजे कसं गोड?" बाबा विचारायचे. "फळासारखं की पिठासारखं? मागून येतं की आधी येतं?" एवढे प्रश्न तर सायन्सचे सर आणि मॅडम मिळूनही विचारत नाहीत. माझं झालं की बाबा वाकायचे, क्षणभर भोकाला नाक लावायचे, "हं" म्हणायचे आणि चुलीतलं लाकूड पुढे-मागे सरकवायचे. माझं उत्तर कधी चुकलं नाही. त्यांनी कधी चूक म्हटलंच नाही. मी ते कानाला गोड लागलेल्या टाळीसारखं खिशात घालून ठेवलं.

रविवारी सकाळी नऊला परत हाक आली. फाटकाशी बटण आणि लांबडी सायकली घेऊन उभ्या. शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम होती, सूत्रसंचालन माझ्याकडे, आणि उशीर आधीच झाला होता. लांबडी घंटी वाजवत होती. मी पळत गेले, बूच उपटलं, आणि मान न वाकवता, नाक जवळ न नेता म्हटलं, तसाच आहे, कालच्यासारखा, ओलं पोतं आणि गोड. बूच ठोकलं. बाबांनी विचारलं, गोड आधी की मागून? मी म्हटलं मागून. हवेत फेकलं नुसतं. मागे वळून पाहिलं तेव्हा बाबा वाकून भोकाला नाक लावत होते. म्हणजे परीक्षक स्वतः बघतायत, आपण निघावं.

तालीम झकास झाली. सगळी वाक्यं पाठ, आवाज हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत. साडेबारा वाजता मी एकटीच घरी निघाले, सायकलवर गुणगुणत. गल्लीच्या वळणावर तो वास आला.

मी ब्रेक दाबला. वास पातळ होता, रस्त्यातल्या माणसाला कळलाही नसता. आंबलेलं पीठ झाकण उघडून ठेवावं तसा. आमच्या घराच्या दिशेने येत होता.

परसात बाबा चुलीपुढे पाटावर शांत बसले होते. एवढ्या जवळ. मी सायकल टाकूनच दिली. बूच काढलं, आणि या वेळी खरोखर वास घेतला. तो नाकातून थेट डोळ्यांत गेला.

"बाबा, आंबलंय."

ते उठले. "सकाळी तर तसाच होता म्हणालीस."

"म्हणाले."

"मग तीन तासांत एवढं कसं होईल?"

"मी सकाळी वास घेतलाच नव्हता."

हे बोलायला मला वक्तृत्वाचं पदक काही उपयोगी पडलं नाही. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी घाईघाईने म्हटलं की पण तुम्ही घेतलात ना, माझ्यानंतर तुम्ही वाकला होतात, मी पाहिलं. त्यांनी भट्टीकडे पाहिलं, मग हातातल्या लाकडाकडे.

मी भिंतीपुढे सरळ उभी होते, टाचा जमिनीवर. मान वर नाही, मान खाली नाही. भोक बरोबर माझ्या नाकासमोर होतं.

रॉकेल. काडेपेटी. कोळशाची खूण. बुडवलेली शाळा, आणि गप्प बसलेली आई. परीक्षा कधी चाललीच नव्हती. तीन दिवस ही भट्टी माझ्या नाकावर चालली होती, आणि आज सकाळी मी ते नाक तालमीला घेऊन गेले होते.

"किती आंबूस?" बाबांनी विचारलं. आवाज कोरडा होता, कामाचा. "डोळ्यांत पाणी येईल इतका की तोंड वाकडं होईल इतका?"

"तोंड वाकडं. थोडं डोळ्यांत."

"गोड शिल्लक आहे?"

मी परत नाक लावलं. भीतीने वास गोळा होत नाही हे मला त्या क्षणी कळलं. डोळे मिटून दुसऱ्यांदा घेतला. "आहे. आंबट आधी येतं, गोड त्याच्या खाली आहे."

"मग अजून जीव आहे. झरोके उघड, दोन्ही, पूर्ण नाही, चार बोटं. मी झडप बघतो."

पुढचा तास आम्ही दोघं एका माणसासारखे वागलो. बाबांनी दोरी ओढून छपराची झडप उघडली आणि चुलीत सुकी लाकडं सारली. नळी आतून कटकट वाजायला लागली. मी भोकापाशी. दर काही मिनिटांनी सांगायचं. आंबट तेवढंच. आंबट तेवढंच. थोडं कमी. बाबा हूं म्हणायचे आणि लाकूड हलवायचे, झरोका एक बोट वाढवायला सांगायचे. आता ते भोकाकडे वाकत नव्हते. एकदाही नाही. नाटक संपलं होतं.

आई मावशीकडून परत आली. संध्याकाळी सहाला मावशी पान बघायला येतेय, निरोप घेऊनच आली. उघडी झडप आणि आमची तोंडं बघून ती काय ते समजली. पदर खोचून तिने लाकडं फोडायला घेतली.

दोनच्या सुमाराला आंबट जवळजवळ गेलं. त्याच्या जागी वाळलेल्या गवताचा, चांगला, कोरडा वास यायला लागला. मी सांगणार होते. तेवढ्यात त्या वासाच्या कडेला काहीतरी काळं आलं.

मी नाक मागे घेतलं, परत लावलं.

"बाबा, आत पान जळतंय."

बाबांचा हात थांबला. "चुलीतल्या धुराचा वास असेल. सांधा निसटला असेल कुठे."

"धूर वेगळा. हे पान आहे."

पान गळलं असणार आणि जाळीच्या कडेतून निसटून तापल्या नळीवर पडलं असणार. भट्ट्या पेटतात त्या अशाच, एका पानाने. पेटली की वरची तीन थरांची सुकती पानं म्हणजे नुसता कापूस. दार फोडून आत जायचं तर गार वारा आत घुसतो आणि रंग पकडत असलेलं पान जागच्या जागी डागाळतं. वास खरा असेल तर दार फोडायलाच हवं होतं. खोटा असेल तर दार फोडून आम्हीच मळा गमावणार होतो.

"खात्री?" बाबांनी विचारलं.

सकाळीही त्यांनी असंच विचारलं होतं, गोड आधी की मागून. सकाळीही मी चटकन उत्तर दिलं होतं. आई कुऱ्हाड हातात धरून माझ्याकडे बघत होती. मी तिसऱ्यांदा नाक लावलं आणि घाई केली नाही. कागदासारखा नाही, लाकडासारखा नाही. कडू, चिकट, घशाला लागणारा.

"खात्री."

बाबांनी पुढे काही विचारलं नाही. चुलीचं तोंड पत्र्याने बंद केलं, पोतं हौदात बुडवून डोक्यावर घेतलं आणि लाथेने दाराचा चिखल फोडला. आतून गरम वाफ आली. ते वाकून आत गेले. मी मोजत होते, का ते माहीत नाही. एकोणतीसपर्यंत पोचले.

बाबा बाहेर आले ते खोकत. ओल्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी जमिनीवर टाकलं. दोन पानं. एक अर्धं कोळसा, कडेला अजून लाल रेघ सरकत होती. आईने त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. आम्ही दार लावलं, आईने आणि मी हातानेच चिखल लिंपला, बाबांनी चुलीचं तोंड परत उघडलं. मग बाबा खाली बसले आणि त्यांनी सदऱ्यातून आणखी एक पान काढलं. येताना वरच्या थरातून तोडून आणलेलं.

त्यांनी ते उजेडात धरलं. अर्ध्या पानावर तपकिरी डाग पसरले होते, सांडलेल्या चहासारखे. खालचे दोन थर पिवळेधमक आहेत, ते म्हणाले. वरचा सकाळपासून आंबून गेला. तीनातला एक.

घरात भांडी तशीच पडली होती, भट्टीची चूल मात्र नीट पेटत होती. मग बाबा पान गुडघ्यावर पसरत म्हणाले की ताईंना सांगू, लाकूड ओलं निघालं. असं होतं पहिल्या भट्टीला. आई म्हणाली हो, तेच बरं, लाकूडवाल्यालाही काही कळणार नाही. दोघांनी इतक्या सहज ठरवलं की असं बरंच काही ते आधीपासून ठरवत आले असणार, हे मला कळलं. ताप. मॅनेजरशी भांडण. स्टोव्ह.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापानंतर," बाबा म्हणाले. "आधी वाटलं येईल परत. वखारीत दोनदा नशिबाने निभावलं. तिसऱ्यांदा कुणाच्या तरी पानाचं वाटोळं झालं असतं, म्हणून सोडली." मग म्हणाले, "तुला सांगणार होतो. तू विचारलंस तेव्हा सांगणारच होतो. चिखलात खरंच खडे होते."

आईला हसू आलं आणि तिने ते पदराआड लपवलं. मला हसू आलं नाही. मी उठून भिंतीपाशी गेले, बूच काढलं आणि वास घेतला. वाळलेलं गवत, थोडं गोड, गोड आता आधी येत होतं. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि एक लाकूड बाहेर ओढलं.

फाटकाकडून मावशीच्या चपलांचा आवाज यायला अजून तीनेक तास होते. ती येणार, पान हातात घेणार, डाग बघणार आणि विचारणार. तिला ओल्या लाकडाची गोष्ट सांगितली की ती मान डोलवेल आणि पुढची खुडणी पाठवेलही कदाचित. मग मी शाळेत असेन, बाबा वाकून भोकाला नाक लावतील आणि "हं" म्हणतील. जिचं पान आहे तिला ठाऊक नसेल की आत बघणारं कुणीच नाही.

मी बूच ठोकलं, हात पुसले आणि दोघांसमोर येऊन उभी राहिले. वक्तृत्वाच्या वेळी उभी राहते तशी नाही. टाचा जमिनीवर टेकवून.

"मावशीला मी सांगणार आहे," मी म्हटलं. "सगळं. सकाळी मी खोटं बोलले, वरचा थर माझ्यामुळे गेला. आणि बाबांना वास येत नाही, या भट्टीचा वास मी घेते, हेही. तिने पान दिलं तर तिला माहीत असताना देऊ दे. पुढच्या भट्टीच्या आधी आपण भिंतीला काच बसवणार, आत थर्मामीटर टांगणार, म्हणजे मी शाळेत असले तरी तुम्हाला बघता येईल. आणि बाबा, यापुढे तुम्ही भोकापुढे वाकायचं नाही. ते भोक माझ्या मापाचं आहे."